इंजिनच्या भागांना उष्णता सोसणारा रंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिन उघडलेलंच आहे, तर ब्लॉक, टॅपेट कव्हर आणि मॅनिफोल्डला रंगही देऊन टाकू, असा विचार अनेकांच्या मनात येतो. विचार चांगलाच आहे. स्वच्छ रंगवलेल्या इंजिनावर तेलाची गळती चटकन दिसते, बीडाच्या भागांना गंज लागत नाही आणि पुढच्या वेळी काम करताना हातही कमी माखतात. पण हे काम फसतंही लवकर, आणि फसल्यावर बहुतेक जण दोष रंगाला देतात. माझ्या मते खरी चूक दोनच ठिकाणी होते: भागाला न शोभणारा रंग निवडण्यात आणि रंग नीट न भाजण्यात, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून पक्का न करण्यात. खालची बरीच उत्तरं म्हणूनच या दोन गोष्टींभोवती फिरतात.

साधा ऑइल पेंट किंवा बॉडीचा रंग इंजिनाला का चालत नाही?

रंगातली पूड धरून ठेवणारं रेझिन उष्णतेला हार मानतं. घरगुती ऑइल पेंटमधलं रेझिन १२०-१५० अंश सेल्सिअसला पिवळं पडू लागतं, ठिसूळ होतं आणि २०० च्या पुढे अक्षरशः करपतं. शिवाय इंजिनावर नुसती उष्णता नसते. धातू रोज तापून फुगतो आणि थंड होऊन आकसतो, सतत थरथरतो, त्यावर इंजिन ऑइल, पेट्रोल, कूलंट सांडतं. हे सगळं एकाच वेळी सोसणारा रंग वेगळाच लागतो.

कोणता भाग किती तापतो?

रंग विकत घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच. कूलंटचं तापमान साधारण ८५ ते १०५ अंशांच्या दरम्यान राहतं, त्यामुळे सिलिंडर ब्लॉक, वॉटर पंप, थर्मोस्टॅटचं घर हे भाग त्याच्या आसपासच असतात. टॅपेट कव्हर आणि ऑइल चेंबर इंजिन ऑइलच्या तापमानाला पोचतात. चढावर किंवा जास्त ओझं घेऊन चालताना ते १२०-१३० पर्यंत जाऊ शकतं. सिलिंडर हेडची एक्झॉस्टकडची बाजू यापेक्षा बरीच गरम असते.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या भागाची, गोष्टच निराळी. साध्या चालण्यातही तो ३००-४०० अंशांना पोचतो आणि इंजिनावर जोर पडला की ६००-७०० पर्यंत जातो. पेट्रोल टर्बोचं गरम बाजूचं घर पूर्ण ओझ्याखाली लालभडक होतं. तिथे ८०० च्या पुढचं तापमान सहज असतं. डिझेल इंजिनाचा धूर तुलनेनं कमी गरम असतो, तरी इंजिन एनॅमल, म्हणजे ब्लॉकसारख्या कमी तापणाऱ्या भागांचा रंग, तिथेही टिकणार नाही.

म्हणजे एकाच इंजिनावर किमान दोन प्रकारचे रंग लागतात. ब्लॉक, टॅपेट कव्हर, चेंबर, ब्रॅकेट आणि इनटेक मॅनिफोल्ड यांना इंजिन एनॅमल. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, हेडर (पाइपांचा मॅनिफोल्ड), डाउनपाइप आणि हीट शील्ड यांना सिलिकॉन रेझिनचा हाय-टेम्परेचर रंग.

मग सगळीकडेच ६५० अंशांचा रंग का मारू नये? जास्त आकडा म्हणजे जास्त मजबूत ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त कामं वाया घालवतो. सिलिकॉन रेझिनचा रंग हवेत वाळतो, हाताला कोरडाही लागतो, पण तो पक्का होतो २०० अंशांच्या वर नेल्यावरच. टॅपेट कव्हर कधीच तेवढं तापत नाही. त्यामुळे तिथे हा रंग वर्षभरानेही मऊच राहतो, नखाने खरवडला जातो आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसला जातो. उलट इंजिन एनॅमल कमी तापमानाला पक्कं होतं, चकाकतं, तेल-पेट्रोल सोसतं. बहुतेक इंजिन एनॅमलच्या डब्यावर २६० अंशांच्या आसपासचा आकडा असतो आणि ब्लॉकसाठी तो पुरून उरतो.

डब्यावरचा आकडा वाचताना आणखी एक पाहा. अनेकदा तो थोड्या वेळापुरतं सोसण्याचं तापमान सांगतो. सतत सोसण्याचं तापमान वेगळं आणि कमी असतं. दोन्ही आकडे दिले असतील तर कमी आकड्यावर विसंबा.

सिलिकॉनचा रंग इतक्या उष्णतेला जळत का नाही?

त्याच्या रेझिनचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा असतो आणि ही जोड उष्णतेला फार घट्ट असते. ३००-४०० अंशांच्या पुढे त्याला चिकटलेला कार्बनी भाग जळून जातो, मागे सिलिका उरते आणि तीच रंगद्रव्याला धातूवर धरून ठेवते. पहिल्यांदा तापवताना निघणारा धूर याच जळण्याचा आणि उरल्यासुरल्या सॉल्व्हंटचा असतो. अॅल्युमिनियमची बारीक चकती असलेले चंदेरी रंग इथे चांगले टिकतात.

हवा तो रंग मिळतो का?

इंजिन एनॅमलमध्ये भरपूर पर्याय आहेत. शेवरलेची नारिंगी इंजिनं आणि फोर्डची निळी इंजिनं जुन्या गाड्यांच्या शौकिनांना चांगलीच माहीत असतात आणि तशा छटा तयार डब्यात मिळतात. मूळ रूपात गाडी उभी करायची असेल, तर त्या मॉडेलच्या त्या वर्षाच्या इंजिनाचा रंग आधी तपासून घ्या. एकाच कंपनीनं वेगवेगळ्या काळात वेगवेगळे रंग वापरले आहेत.

एक्झॉस्टच्या बाजूला मात्र काळा, करडा, चंदेरी यांच्यावरच समाधान माना. भडक लाल-पिवळे सेंद्रिय रंगकण तिथे करपतात. पिवळ्या आयर्न ऑक्साइडचं तर असं होतं, की साधारण १८० अंशांच्या पुढे त्याच्या कणांमधलं पाणी निघून जातं आणि पिवळा हळूहळू तांबूस होतो. पांढरा मॅनिफोल्ड सुरुवातीला सुंदर दिसतो, पण तेलाचा एक थेंब पडून जळला की तो डाग जात नाही.

तयारी कशी करायची?

अर्ध्याहून जास्त वेळ इथेच गेला पाहिजे.

पहिलं काम चिकटा काढण्याचं. घट्ट बसलेली काजळी आणि तेल डीग्रीझर व ताठ ब्रशने काढा, पाण्याने धुवा, वाळवा. रॉकेल किंवा डिझेलने धुण्याची सवय अनेक गॅरेजांत असते. पहिल्या धुण्याला ते ठीक आहे, पण ते स्वतःच तेलकट पातळ थर मागे सोडतात. त्यामुळे त्यानंतर साबणाचं गरम पाणी आणि शेवटी थिनर किंवा अॅसिटोनचं स्वच्छ फडकं फिरवायलाच हवं. पांढरं फडकं वापरा. ते पुसल्यावर पांढरंच राहिलं, तर भाग तयार आहे.

बीडाच्या सूक्ष्म छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं. वरून कोरडा दिसणारा मॅनिफोल्ड तापला की ते तेल बाहेर येतं आणि रंगाखाली फोड धरतो. म्हणून असा भाग रंगवण्याआधी एकदा तापवून घ्या, थंड होऊ द्या, पुन्हा पुसा. घाम फुटल्यासारखं तेल दिसत असेल, तर हेच पुन्हा करा.

गंज वायर ब्रश, पॉलिश पेपर किंवा ब्लास्टिंगने पूर्ण काढा. गंजावर लावायचं रस्ट कन्व्हर्टर एक्झॉस्टच्या भागावर वापरू नका, त्याचा थर तापल्यावर सुटतो आणि वरचा रंगही घेऊन जातो. लांबी (पुट्टी) भरून खड्डे बुजवण्याचंही तसंच. उघडा पडलेला बीड दमट हवेत काही तासांत पुन्हा तांबूस होतो, म्हणून साफसफाई आणि पहिला हात एकाच दिवशी उरका.

अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा लावू नका. तो धातूच खातो आणि त्यातून ज्वलनशील हायड्रोजन निघतो. अॅल्युमिनियमसाठी चालणारा डीग्रीझर घ्या आणि मग ३२० च्या आसपासच्या पॉलिश पेपरने चमक घालवा. काही गाड्यांचे टॅपेट कव्हर आणि हाउसिंग मॅग्नेशियमचे असतात. त्यांचा घासलेला भुगा पेट घेऊ शकतो, म्हणून धातूची खात्री नसेल तर कोरडं ग्राइंडिंग टाळा.

ब्लास्टिंगबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. वाळूचा किंवा काचेच्या मण्यांचा एक कण ऑइलच्या वाटेत राहिला, तर तो थेट बेअरिंगमध्ये जातो आणि नवीन बांधलेलं इंजिन खराब करतो. टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला रिव्हेट केलेला पत्रा असतो, त्याच्या मागे अडकलेले कण कितीही धुतले तरी पूर्ण निघत नाहीत. असे भाग ब्लास्टिंगला देऊच नका. पॅकिंगची जागा साफ करायला ड्रिलवर लावायच्या खरखरीत चकत्याही उघड्या इंजिनावर फिरवू नका. त्यांतून झडणारी भुकटी ऑइलमध्ये मिसळते.

प्रायमर लागतो का?

इंजिन एनॅमलखाली त्याच मालिकेतला इंजिन प्रायमर चांगला, विशेषतः अॅल्युमिनियमवर. एक्झॉस्टच्या रंगाखाली नेहमीचा प्रायमर कधीच नको. रंग ६५० अंश सोसेल, पण खालचा प्रायमर २०० ला जळून सुटेल. तिथे रंग थेट धातूवर मारा, किंवा त्या रंगाच्याच उत्पादकाने सांगितलेला हाय-टेम्परेचर प्रायमर घ्या. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा भाग तर एक्झॉस्टला वापरूच नये. जस्त सुमारे ४२० अंशांना वितळतं आणि त्याचा धूर अपायकारक असतो.

कोणत्या जागा झाकायच्या?

पॅकिंग बसतं ती प्रत्येक सपाट जागा, सगळे आटे, डॉवेल, सेन्सरची भोकं, प्लगच्या विहिरी, अर्थिंगची तार बसते ती जागा. अर्थिंग रंगावर बसवलं की स्टार्टर सुस्त होतो, सेन्सर विचित्र रीडिंग देतात आणि कारण सापडायला दिवस जातात. नॉक सेन्सरची बैठकही उघडीच हवी.

बोल्टच्या डोक्याखालची आणि ब्रॅकेटच्या तोंडाची जागा बहुतेक जण विसरतात. तिथे रंगाचा जाड थर राहिला, तर टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवतो, पण इंजिन तापलं की रंग दबतो आणि बोल्टची पकड सैल होते. आधी रंगवून मग बसवायचं असेल, तर या जागा टेपने झाका किंवा नंतर खरवडून धातू उघडा करा.

इंजिन नंबर कोरलेली जागा झाका किंवा तिथे अगदी पातळ हात द्या, तो वाचता आला पाहिजे. ऑक्सिजन सेन्सर काढूनच ठेवा. तो तुलनेसाठी बाहेरची हवा घेतो आणि ती वाट रंगाने बुजली तर मिश्रणाचा हिशेबच चुकतो. रबरी पाइप, पुलीच्या खाचा, अल्टरनेटरच्या जाळ्या, टर्बोच्या वेस्टगेटची हलणारी दांडी यांना रंग लागू देऊ नका. ब्लॉकच्या, चेंबरच्या किंवा टॅपेट कव्हरच्या आतल्या बाजूला हौसेने रंग मारू नका. तो सुटला तर ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो.

रंग मारायची योग्य पद्धत कोणती?

भाग आणि स्प्रेचा डबा दोन्ही साधारण २० ते ३० अंशांना असावेत, हवा दमट नसावी. आतली गोळी मोकळी वाजू लागल्यावर डबा आणखी दोन मिनिटं हलवा. जड रंगद्रव्य तळाशी बसलेलं असतं. २५-३० सेंटिमीटर अंतरावरून पहिला हात इतका विरळ द्या की खालचा धातू दिसत राहील. दहा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. आधी खाचा, कोपरे आणि फासळ्या, सपाट जागा शेवटी.

एक्झॉस्टच्या रंगाला जाड थराचं वावडं आहे. वाळल्यावर ४०-५० मायक्रॉन पुरे, म्हणजे कागदाच्या जाडीच्या निम्म्यासारखं. जाड मारला तर आतलं सॉल्व्हंट तापल्यावर फोड काढतं आणि थर पत्र्यासारखा सुटतो.

दोन हातांमधल्या वेळेबद्दल डब्यावर लिहिलेलं शब्दशः पाळा. अनेक एनॅमलवर ‘एका तासाच्या आत किंवा काही दिवसांनी’ असं लिहिलेलं असतं. मधल्या काळात मारलं तर अर्धवट वाळलेला खालचा थर फुगतो आणि सुरकुत्या पडतात.

बीडाचा ब्लॉक ब्रशनेही छान रंगवता येतो. जुन्या गाडीवर ते शोभतंही.

भाजणं किती महत्त्वाचं आहे? आणि ते कसं करायचं?

सिलिकॉन रंगासाठी ते अनिवार्य आहे. न भाजलेला मॅनिफोल्ड बसवून लगेच गाडी जोरात पळवली, तर रंग पहिल्याच फेरीत सुटतो. साधारण क्रम असा: १२० अंशांना अर्धा तास, थंड करा, २०० ला अर्धा तास, थंड करा, ३१५ ला अर्धा तास. अचूक आकडे तुमच्या डब्यावरचे घ्या. टप्प्याटप्प्याने तापवायचं कारण सरळ आहे, सॉल्व्हंटला हळूहळू बाहेर पडायला वेळ मिळतो.

इंजिन एनॅमलला ९०-९५ अंशांना तासभर पुरतो. अॅल्युमिनियमच्या भागाला ३१५ अंशांचा टप्पा देऊ नका. उष्णतेने कणखर केलेलं अॅल्युमिनियम त्या तापमानाला मऊ पडतं. सील किंवा प्लास्टिक बसवलेला भागही भट्टीत नको.

ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजतं त्यात रंग भाजू नये. उघड्या ज्योतीच्या गॅस ओव्हनमध्ये सॉल्व्हंटची वाफ पेटण्याचा धोका आहे.

ओव्हन नसेल तर मॅनिफोल्ड गाडीवर बसवून भाजता येतो: दहा मिनिटं आयडलिंग, पूर्ण थंड, वीस मिनिटं, पूर्ण थंड, मग अर्धा तास. हे मोकळ्या हवेतच करा, धूर भरपूर निघतो. यात एक महत्त्वाचा अपवाद आहे. नवीन कॅमशाफ्ट आणि सपाट टॅपेट बसवलेलं जुन्या पद्धतीचं इंजिन पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलिंगला ठेवायचं नसतं. त्याला लगेच दोन हजारांच्या आसपासच्या आरपीएमवर वीसेक मिनिटं चालवावं लागतं, नाहीतर कॅमच झिजतो. तिथे रंगासाठी इंजिनाचा बळी देऊ नका. मॅनिफोल्ड बाहेर भाजून आणा किंवा जुना मॅनिफोल्ड लावून कॅमची ही पहिली वीसेक मिनिटं उरका.

पोपडे, फोड, चिकटपणा: काय चुकलं ते कसं ओळखायचं?

पोपड्याच्या मागची बाजू पाहा. मागे तांबूस असेल तर गंज राहिला होता. मागे स्वच्छ चकचकीत धातू दिसत असेल तर पृष्ठभाग फार गुळगुळीत होता किंवा तेलकट होता. फोड फोडल्यावर तेलकट लागलं तर बीडातून तेल आलं, कोरडा असेल तर थर जाड होता किंवा घाईने तापवला. आठवड्यानंतरही नखाने दबतो आहे, तर तो कमी तापणाऱ्या जागी मारलेला सिलिकॉन रंग आहे किंवा भाजायचा राहिला आहे. एक्झॉस्टचा काळा रंग एकाच ठिकाणी पांढुरका पडत असेल, तर तिथलं तापमान रंगाच्या मर्यादेपलीकडे जातंय. आधी गळती किंवा इग्निशन टायमिंग तपासा.

इंजिन न उतरवता रंगवता येईल का?

टॅपेट कव्हर, ब्रॅकेट, हीट शील्ड काढून रंगवा, उत्तम होतात. ब्लॉक गाडीतच रंगवायचा तर दिसणारी बाजूच होईल आणि तीही नीट साफ करता आली तरच. नुसत्या दिसण्यासाठी तेलकट ब्लॉकवर रंग मारण्यापेक्षा तो स्वच्छ धुऊन तसाच ठेवलेला बरा.

पावडर कोटिंग किंवा सिरॅमिक कोटिंग जास्त चांगलं का?

टॅपेट कव्हर आणि इनटेकसाठी पावडर कोटिंग माझ्या दृष्टीने सर्वांत टिकाऊ. ते १८०-२०० अंशांना भाजलं जातं, कठीण आणि जाड असतं. त्या जाडीमुळेच आटे आणि तोंडं झाकणं जास्त गरजेचं. साधं पॉलिएस्टर पावडर एक्झॉस्टला चालत नाही. हेडर आणि टर्बोच्या घरासाठी खर्च करायची तयारी असेल, तर व्यावसायिक सिरॅमिक कोटिंग करून घ्या. ते रंगापेक्षा खूप टिकतं आणि उष्णता पाइपच्या आतच राहायला मदतही करतं.

रंगामुळे इंजिन जास्त तापेल का?

पातळ रंगाने जाणवण्याजोगा फरक पडत नाही, कारण बहुतेक उष्णता कूलंट आणि ऑइल वाहून नेतात. काळा मॅट पृष्ठभाग उघड्या चकचकीत अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर टाकतो. एअर-कूल्ड इंजिनाच्या फिन्सना पातळ मॅट काळा म्हणूनच योग्य. रेडिएटरच्या जाळीवर मात्र रंगाचे थर चढवू नका.

आणखी एक फायदा: इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर खूप कमी तापमान दाखवतं, मॅट रंगावर खऱ्याच्या बरंच जवळचं.

रंगवलेल्या मॅनिफोल्डवर हीट रॅप (उष्णता अडवणारी पट्टी) गुंडाळावा का?

बीडाच्या किंवा साध्या पोलादाच्या भागावर नको. रॅपखाली ओल साठते, धातूचं तापमानही वाढतं, आणि आतून गंज कधी खातो ते कळत नाही.

सुरकुत्यांचा फिनिश कसा आणायचा?

रिंकल पेंट फक्त टॅपेट कव्हरसारख्या कमी तापणाऱ्या भागांसाठी. इथे नियम उलटे: हात जाड हवेत. एक आडवा, पाच मिनिटांनी एक उभा, मग एक तिरका. वरची साय आधी वाळते, खालचा थर ओला असतो आणि त्यामुळे साय आक्रसते. हीट गनची हलकी ऊब दिली की सुरकुत्या सारख्या येतात. अक्षरं किंवा फासळ्या चकचकीत करायच्या असतील तर पूर्ण वाळल्यावर वरून पॉलिश पेपर फिरवा.

तब्येतीची कोणती काळजी घ्यावी?

साधा कापडी किंवा धुळीचा मास्क सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क घ्या. दोन घटकांच्या, हार्डनर घालायच्या क्लिअरमध्ये (वरच्या पारदर्शक थरात) आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती फुप्फुसांना कायमची इजा करू शकतात, योग्य उपकरणांशिवाय ती फवारू नका. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग पूर्ण वाळण्याआधी तापवला किंवा वेल्डिंगला घेतला, तर फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. जुन्या गाड्यांच्या एक्झॉस्टच्या पॅकिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, ओलं करून उचला.

नंतर साफसफाई कशी करायची?

पहिला महिना फक्त सौम्य साबण आणि मऊ कापड. ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल पक्कं एनॅमलही उचलतं. गरम इंजिनावर थंड पाण्याचा फवारा मारू नका. टवका उडाला तर तेवढी जागा घासून, थिनरने पुसून, डब्यातला थोडा रंग झाकणात फवारून बारीक ब्रशने लावा आणि पुढच्या फेरीच्या उष्णतेने तो भाजला जाऊ द्या. त्यासाठी काम संपल्यावर उरलेला डबा उलटा धरून नोझल मोकळं होईपर्यंत फवारून ठेवायला विसरू नका.